काळावरून वस्तुमान: टाइम ऑफ फ्लाइट मास स्पेक्ट्रोमेट्रीची प्रस्तावना

रेणू तराजूत घालता येत नाही. त्याचे वस्तुमान ठरवायचे तर आधी त्याला विद्युत प्रभार द्यावा लागतो आणि मग विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात तो कसा वागतो ते पाहावे लागते. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या साऱ्या पद्धती याच पायावर उभ्या आहेत. एका पद्धतीत प्रभारित रेणूचा, म्हणजे आयनाचा, मार्ग चुंबकाने वाकवतात आणि तो किती वाकला ते मोजतात. दुसरीत, म्हणजे क्वाड्रुपोलमध्ये, चार समांतर दांड्यांमधल्या बदलत्या विद्युतक्षेत्रातून एका वेळी ठरावीक वस्तुमानाच्याच आयनांना पलीकडे जाऊ देतात. टाइम ऑफ फ्लाइट, प्रयोगशाळेतल्या बोलीत टॉफ, ही या सर्वांत कल्पनेने सोपी पद्धत आहे. सगळ्या आयनांना एकाच क्षणी सारखी ऊर्जा द्यायची, त्यांना निर्वात नळीतून जाऊ द्यायचे आणि दुसऱ्या टोकाला कोण केव्हा पोहोचले ते टिपायचे. हलके आधी येतात, जड मागून. कल्पना इतकी सोपी असूनही ती कामाची व्हायला अर्धे शतक लागले, कारण ‘एकाच क्षणी’ आणि ‘सारखी ऊर्जा’ या दोन्ही अटी निसर्गात आपोआप पुऱ्या होत नाहीत.

तत्त्व शालेय भौतिकशास्त्रातले आहे. एक प्रभार असलेला आयन २०,००० व्होल्टच्या विभवांतरातून गेला की त्याची गतिज ऊर्जा ठरून जाते. वस्तुमान कितीही असो, ऊर्जा तीच. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. म्हणून ऊर्जा समान असताना वस्तुमान चौपट झाले की वेग निम्मा होतो आणि तेच अंतर कापायला दुप्पट वेळ लागतो. मनमाडच्या यार्डातून एक रिकामी आणि एक चौपट जड अशा दोन वाघिणी सारख्याच ऊर्जेने नांदगावच्या दिशेने सोडल्या आणि वाटेत घर्षण नाही, चढउतार नाही असे मानले, तर सुमारे २६ किलोमीटरचे ते अंतर कापायला जड वाघिणीला रिकामीच्या दुप्पट वेळ लागेल. नांदगावच्या फलाटावर नुसते घड्याळ घेऊन बसलेल्या माणसालाही कोणती वाघीण किती जड आहे ते सांगता येईल.

सूत्राच्या भाषेत, प्रवासाचा काळ हा वस्तुमान भागिले प्रभार या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उपकरण मोजते ते हे गुणोत्तर, निव्वळ वस्तुमान नव्हे. एखाद्या आयनावर दोन प्रभार असतील तर त्याला दुप्पट ऊर्जा मिळते आणि तो निम्म्या वस्तुमानाच्या एकप्रभारी आयनाबरोबरच पोहोचतो. लहान रेणूंवर बहुधा एकच प्रभार असतो, त्यामुळे तिथे हा फरक जाणवत नाही. प्रथिनांवर मात्र काही पद्धतींत दहा-वीस प्रभार बसतात आणि मग नोंदीच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, आलेल्या शिखरांवरून मूळ वस्तुमान हिशेबाने काढावे लागते.

आकडे घालून पाहायचे तर नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या चांगल्याच ओळखीचा एक रेणू घेता येईल: क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. पाण्यात विरघळल्यावर त्यातला क्लोराइड सुटा होतो आणि धन प्रभार असलेला क्लोरमेक्वाटचा आयन उरतो. त्याचे वस्तुमान १२२.०७३१ डाल्टन (डाल्टन हे अणुरेणूंच्या वस्तुमानाचे एकक). २०,००० व्होल्टच्या विभवांतरातून गेलेला हा आयन सेकंदाला सुमारे १७८ किलोमीटर वेगाने निघतो आणि एक मीटर लांबीची नळी ५.६२ मायक्रोसेकंदांत पार करतो. या रेणूत क्लोरिनचा एक अणू आहे. निसर्गातल्या क्लोरिनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन ३५ वस्तुमानांकाचे आणि एक ३७ वस्तुमानांकाचा असतो. म्हणून मुख्य शिखराच्या एक तृतीयांश उंचीचे दुसरे शिखर १२४.०७०१ वर दिसते आणि ते ४६ नॅनोसेकंद उशिरा येते. तीनास एक या प्रमाणातली ही जोडी म्हणजे रेणूत क्लोरिन असल्याची खूणच होय. त्याच नळीतून हायड्रोजनचा आयन अर्ध्या मायक्रोसेकंदात जातो, तर सुमारे ६६,५०० डाल्टनच्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला १३१ मायक्रोसेकंद लागतात. सर्वांत हलक्यापासून अतिजडापर्यंतचा पूर्ण वर्णपट सेकंदाच्या सात हजाराव्या भागात पुरा होतो.

हा रेणू नाशिकमध्ये इतका परिचित असण्याला कारण आहे. युरोपीय बाजारात गेलेल्या भारतीय द्राक्षांत २००३ साली मेथोमिल आणि अॅसिफेट या कीटकनाशकांचे उर्वरित अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपीय संघाने इशारा जारी केला. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची योजना सुरू केली. १९९७ साली स्थापन झालेल्या, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागा नोंदणीखाली आल्या, प्लॉटनिहाय नमुने निघू लागले आणि ‘रेसिड्यू रिपोर्ट’ हा शब्द बांधावर पोहोचला. तपासणी होत होती ती ठरलेल्या यादीतल्या रसायनांची. २०१०च्या हंगामात युरोपात माल अडला तो यादीत नसलेल्या रसायनामुळे, म्हणजेच क्लोरमेक्वाटमुळे. हे कीटकनाशक नव्हेच. वेलीची शाखीय वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून खरड छाटणीनंतर ते फवारले जाई आणि वेलीत टिकून राहिलेला त्याचा अंश पुढे मण्यांत उतरे. युरोपीय मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम.

उपकरणाची निवड का महत्त्वाची असते ते या प्रसंगावरून कळते. उर्वरित अंश मोजण्याचे रोजचे काम बहुतेक प्रयोगशाळांत ट्रिपल क्वाड्रुपोल या उपकरणावर चालते. त्याला आधी नाव सांगावे लागते: अमुक वस्तुमानाचा आयन घे, तो फोड, त्यातून निघणारा तमुक तुकडा मोज. बाकीचे सारे आयन गाळले जातात. नावानिशी शोधायचे असेल तर याच्याइतके संवेदनशील साधन दुसरे नाही. टॉफमध्ये गाळणे नसते. एका विद्युत धक्क्याने निघालेले सगळे आयन पलीकडे पोहोचतात आणि सगळ्यांची नोंद होते, विचारलेल्यांची आणि न विचारलेल्यांचीही. नोंद साठवून ठेवली तर दोन वर्षांनी एखाद्या नव्या रसायनाचे नाव पुढे आल्यावर जुन्याच नोंदीत त्याचा शोध घेता येतो. या पद्धतीचे सगळे वैशिष्ट्य येथे आहे आणि तिच्या रचनेतली बहुतेक गुंतागुंत हे वैशिष्ट्य टिकवण्यासाठीच आहे.

पहिली गरज निर्वाताची. साध्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरी ७० नॅनोमीटरच जातो. एक-दोन मीटरचा प्रवास धक्का न लागता व्हायचा असेल तर नळीतला दाब हवेच्या दाबाच्या अब्जाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी करावा लागतो. तेव्हा दोन टकरींमधले सरासरी अंतर साठ-सत्तर मीटरवर जाते. हे काम टर्बोमॉलिक्युलर पंप करतात. त्यांची पाती मिनिटाला हजारो फेऱ्या घेत वायूचे रेणू अक्षरशः बाहेर ढकलत राहतात.

दुसरी गरज आयनांची. वाफ होऊ शकणाऱ्या रेणूंवर ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करतात; रेणू प्रभारित होतो आणि ठरावीक पद्धतीने फुटतोही. द्रवातल्या रेणूंसाठी इलेक्ट्रोस्प्रे वापरतात. द्रव अतिसूक्ष्म सुईतून उच्च विभवाखाली फवारला जातो, थेंब वाळत जातात आणि प्रभारित रेणू मोकळे होतात. मोठ्या प्रथिनांसाठी माल्डी ही तिसरी रीत आहे. तिच्यात नमुना लेसरचा प्रकाश शोषणाऱ्या आम्लाच्या स्फटिकांत मिसळून धातूच्या पट्टीवर वाळवतात आणि काही नॅनोसेकंदांच्या लेसर स्पंदाने त्यातले रेणू उडवतात. यातल्या माल्डीचे टॉफशी जात्याच जमते, कारण लेसरचा स्पंद हाच प्रवासाच्या प्रारंभाचा क्षण ठरतो. इलेक्ट्रोस्प्रेमधून आयन अखंड येत राहतात. त्यांना प्रारंभाचा क्षण द्यायला वेगळी युक्ती लागते.

तिसरी आणि सर्वांत अवघड गरज म्हणजे सर्वांचा आरंभ सारखा असणे. आयन तयार होतात ती जागा बिंदूएवढी नसते. विद्युतक्षेत्र लागते तेव्हा काही आयन मागे असतात, काही पुढे. मागच्यांना क्षेत्रातून जास्त अंतर कापावे लागते, म्हणून त्यांना थोडी जास्त ऊर्जा मिळते. शिवाय क्षेत्र लागण्यापूर्वीच प्रत्येक आयनाला स्वतःचा थोडाफार वेग असतो. काही पलीकडच्या टोकाला आयन टिपणाऱ्या शोधकाच्या दिशेने जात असतात, काही उलट दिशेने. उलट जाणाऱ्यांना आधी थांबून मग वळावे लागते आणि त्या वळण्यात काही नॅनोसेकंद जातात. या फरकांचा परिणाम किती होतो? एकाच वस्तुमानाच्या दोन आयनांच्या ऊर्जेत एक टक्क्याचा फरक असला तर पोहोचण्याच्या काळात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. एवढ्या विस्कळीतपणात वस्तुमान १०० आणि १०१ जेमतेम वेगळे ओळखता येतात. १२२ आणि १२४ दिसतील, १२२.०७ आणि १२२.०६ यांतला भेद मात्र विसरावा लागेल.

टॉफचा इतिहास म्हणजे मुख्यतः हा विस्कळीतपणा आवरण्याचा इतिहास. प्रभारित कणांचे वस्तुमान मोजण्याची सुरुवात जे. जे. थॉमसन यांनी केली; १९१३ साली त्यांनी निऑनचे दोन समस्थानिक दाखवले आणि १९१९ साली फ्रान्सिस अॅस्टन यांनी अधिक अचूक उपकरण उभारले. दोन्ही उपकरणे आयनांचा मार्ग वाकवणारी होती. काळ मोजण्याची कल्पना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विल्यम स्टीफन्स यांनी १९४६ साली मांडली. ती त्याच सुमारास यावी हे स्वाभाविक होते. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मायक्रोसेकंदाच्या स्पंदांची आणि वेगवान ऑसिलोस्कोपची विद्या तयार झाली होती आणि आयनांचा प्रवासही तेवढ्याच काळाचा होता. १९४८ साली कॅमेरॉन आणि एगर्स यांनी असे उपकरण चालवून दाखवले. त्याला त्यांनी आयन व्हेलोसिट्रॉन म्हटले. त्यावर येणारी शिखरे रुंद आणि एकमेकांत मिसळलेली होती.

पहिली मोठी सुधारणा १९५५ साली बेंडिक्स कंपनीतील विल्यम वायली आणि आय. एच. मॅकलॅरेन यांनी केली. मागून निघालेल्या आयनांना जास्त ऊर्जा मिळते ही अडचणच त्यांनी कामाला लावली. जास्त वेगाचे आयन पुढच्यांना कुठेतरी गाठणारच. ज्या ठिकाणी गाठतात तिथे शोधक ठेवला तर आरंभीच्या जागेतला फरक मिटतो. एकाच विद्युतक्षेत्राने हे घडवले तर गाठ उगमाच्या अगदी जवळ पडते आणि वस्तुमानांना एकमेकांपासून दूर जायला वाव राहत नाही. वायली आणि मॅकलॅरेन यांनी आधी सौम्य आणि नंतर तीव्र अशी दोन क्षेत्रे एकापुढे एक ठेवली. त्यामुळे गाठीचे ठिकाण नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेता आले. आरंभीच्या वेगातल्या फरकासाठी त्यांनी आयन तयार होणे आणि क्षेत्र लागणे यांत मुद्दाम थोडा विलंब ठेवला. त्या अवधीत वेगाने सरकणारे पुढे जातात, म्हणजे वेगातला फरक जागेतल्या फरकात उतरतो आणि जागेतला फरक मिटवण्याची सोय तर आधीच झालेली असते.

दुसरी सुधारणा सोव्हिएत रशियात झाली. लेनिनग्राडमधील बोरिस मामिरिन यांनी नळीच्या टोकाशी आयनांना परतवणारे विद्युतक्षेत्र बसवले. त्यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. या योजनेला रिफ्लेक्ट्रॉन म्हणतात. एकाच वस्तुमानाच्या आयनांपैकी ज्याची ऊर्जा थोडी जास्त तो मोकळ्या नळीत पुढे राहतो, पण परतवणाऱ्या क्षेत्रात तो अधिक खोल शिरतो आणि तिथून बाहेर यायला त्याला जास्त वेळ लागतो. नळीत मिळवलेली आघाडी तो क्षेत्रात गमावतो. एका टप्प्याच्या क्षेत्रात ही फिटंफाट केव्हा होते याचा हिशेबही नेटका आहे: जाण्यायेण्याच्या मोकळ्या मार्गाची एकूण लांबी क्षेत्रात शिरण्याच्या खोलीच्या चौपट असली की ऊर्जेतल्या लहान फरकाचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. शिवाय आयन जाऊन परत येत असल्याने त्याच पेटीत मार्ग दुप्पट लांब मिळतो. काही शेकड्यांत अडकलेली विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळची वस्तुमाने वेगळी दाखवण्याची क्षमता, यामुळे हजारांत गेली. आजची बाजारातली उपकरणे काही दहा हजारांपर्यंत जातात, तर आयनांना अनेकदा परतवून मार्ग लांबवणारी उपकरणे एक लाखापलीकडे पोहोचतात.

यानंतरही कित्येक वर्षे टॉफ मागेच राहिले. ते पुढे आले ते माल्डीमुळे. १९८०च्या दशकात जर्मनीत मिखाएल कारास आणि फ्रान्झ हिलेनकाम्प यांनी ही रीत घडवली, तर जपानमध्ये शिमाझू कंपनीतील कोइची तनाका यांनी जवळच्याच पद्धतीने अखंड प्रथिने प्रभारित करून दाखवली. २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तनाका यांना आणि इलेक्ट्रोस्प्रेसाठी जॉन फेन यांना वाटा मिळाला. प्रथिनांचे वस्तुमान हजारो डाल्टनचे असते आणि टॉफला तत्त्वतः वरची मर्यादा नाही. जडाला फक्त जास्त वेळ लागतो. माल्डीत सर्व रेणू, लहान असोत की मोठे, सेकंदाला काही शे मीटर अशा साधारण सारख्याच वेगाने पट्टीवरून उडतात. हा वेग ऊर्जेत भर घालतो आणि शिखरे पसरवतो. १९९५च्या सुमारास वायली आणि मॅकलॅरेन यांच्या विलंबाचीच कल्पना येथे पुन्हा वापरली गेली आणि शिखरे अणकुचीदार झाली. महाराष्ट्रात या पद्धतीचा मोठा उपयोग जीवाणू ओळखण्यासाठी होतो. जीवाणूच्या वसाहतीतला ठिपका पट्टीवर लावला की २,००० ते २०,००० डाल्टनच्या पट्ट्यात, मुख्यतः रायबोसोमच्या प्रथिनांची, शिखरे येतात. त्यांची ठेवण प्रजातीगणिक वेगळी असते आणि साठवलेल्या संग्रहाशी ती ताडून काही मिनिटांत ओळख पटते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील सूक्ष्मजीव संग्रहात ही रीत रुळली आहे.

अखंड येणाऱ्या आयनांचा प्रश्न काटकोनाने सुटला. इलेक्ट्रोस्प्रेमधून आलेले आयन आधी विरळ वायूतून नेले जातात. टकरींमुळे त्यांची जादा ऊर्जा निघून जाते आणि ते पातळ, सपाट झोतात पुढे सरकतात. मग झोताच्या दिशेला काटकोनात अचानक विद्युत धक्का देऊन झोताचा एक तुकडा नळीकडे ढकलला जातो. झोताचा वेग आडव्या दिशेने असतो, मापन उभ्या दिशेने होते. मापनाच्या दिशेत आयनांचा आरंभीचा वेग जवळजवळ शून्य असतो. असे धक्के सेकंदाला हजारो वेळा दिले जातात. या रचनेच्या आधी गाळणी आणि आयन फोडणारा कक्ष बसवला की क्यू-टॉफ हे संयुक्त उपकरण होते. ते १९९६ साली पुढे आले आणि आज द्रव क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे द्रवातल्या मिश्रणाचे घटक वेगळे करणाऱ्या उपकरणाला, जोडलेले टॉफ बहुधा याच जातीचे असते.

मार्गाच्या शेवटी शोधक असतो. तो म्हणजे काचेची पातळ चकती आणि तिच्यात सुमारे दहा मायक्रोमीटर व्यासाची लक्षावधी तिरकी भोके असतात. आयन भोकाच्या भिंतीवर आदळला की एखाददुसरा इलेक्ट्रॉन सुटतो, तो पुढे आदळून आणखी सोडतो आणि अशा दोन चकत्या एकापाठोपाठ ठेवल्यास एका आयनामागे दहा लाखांच्या घरात इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांचा स्पंद नॅनोसेकंदाहूनही आखूड असतो. शोधक फुगीर किंवा खोलगट न ठेवता काटेकोर सपाट का ठेवतात, याचे उत्तर पुन्हा काळातच आहे. एक मीटरच्या मार्गात दहा मायक्रोमीटरचा फरक पडला तर काळात दशलक्षात दहा भागांची आणि वस्तुमानात वीस भागांची चूक होते. शोधकाकडून आलेला संकेत सेकंदाला अब्जावधी वेळा मोजणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ नोंदवते. जुनी घड्याळे फक्त आयन आला की नाही एवढेच टिपत आणि एकाच क्षणी दोन आले तर एकच धरत. त्यामुळे दाट नमुन्यात मोठी शिखरे खुजी दिसत. आजची घड्याळे संकेताची उंचीही नोंदवतात.

काळावरून वस्तुमान काढताना नळीची लांबी किंवा विभवांतर प्रत्यक्ष मोजत बसत नाहीत. ज्यांचे वस्तुमान अचूक माहीत आहे असे काही आयन सोडून काळ आणि वस्तुमानाचे वर्गमूळ यांची सरळ रेषा बसवतात. तिच्यावरून अज्ञातांचे वस्तुमान वाचतात. ही रेषा मात्र स्थिर राहत नाही. पोलादाची नळी एका अंश सेल्सियस तापमानवाढीला दशलक्षात बारा ते सतरा भागांनी लांबते, म्हणजे वस्तुमानात पंचवीस ते पस्तीस भागांची चूक होते. चांगल्या मापनात अपेक्षित चूक पाच भागांच्या आत असते. त्यामुळे प्रयोगशाळेचे वातानुकूलन येथे माणसांच्या सोयीसाठी नसते. एवढ्यानेही भागत नाही, म्हणून मापन चालू असतानाच एक ओळखीचा आयन सतत सोबत मोजला जातो आणि रेषा क्षणोक्षणी दुरुस्त केली जाते.

या काटेकोरपणाचा लाभ उदाहरणाने स्पष्ट होईल. बेंझामाइड या साध्या रेणूवर एक प्रोटॉन बसला की त्याचे वस्तुमान १२२.०६०० होते. क्लोरमेक्वाटच्या १२२.०७३१ पासून ते ०.०१३१ डाल्टनने दूर आहे. पूर्णांकात मोजणाऱ्या उपकरणाला दोन्ही १२२च. आधीच्या उदाहरणातल्या नळीत या दोघांच्या पोहोचण्यातले अंतर अवघे ०.३ नॅनोसेकंद आहे आणि त्यांना वेगळे दाखवायला नऊ हजार तीनशेंच्या आसपासची विभेदनक्षमता लागते. रिफ्लेक्ट्रॉन असलेल्या टॉफला ते जमते. वस्तुमान चार दशांशांपर्यंत कळले की त्यावरून रेणूत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे किती अणू असू शकतात याचे पर्याय हाताच्या बोटांवर येतात. क्लोरिनसारख्या अणूंची जोडशिखरे त्यांतलेही बरेच बाद करतात.

शेतमालाच्या तपासणीत टॉफचा दुसरा गुण तितकाच कामाचा ठरतो, तो म्हणजे वेग. वायू क्रोमॅटोग्राफीत मिश्रणातले घटक एका लांब केशनलिकेतून वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात. दोन वेगळ्या स्वभावाच्या नलिका एकापुढे एक जोडल्या तर विलगीकरण फार वाढते, पण दुसऱ्या नलिकेतून येणारे शिखर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी काळ टिकते. तेवढ्यात दहा-वीस पूर्ण वर्णपट घेणारे उपकरण हवे आणि सेकंदाला शेकडो वर्णपट देणारे टॉफ ते करू शकते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१० साली याच जोडणीने द्राक्षे आणि वाइनमधली १६० कीडनाशके आणि २५ चिवट सेंद्रिय प्रदूषके एकाच फेरीत वेगळी करून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नांदगाव, येवला, लासलगावच्या बाजारांत येणाऱ्या कांद्याच्या बाबतीत अशा विलगीकरणाची निकड आणखी वाढते. कांदा चिरताच तयार होणारी गंधकयुक्त संयुगे अर्कात मोठ्या प्रमाणात उतरतात, कीडनाशकांच्या शिखरांवर स्वार होतात आणि खोटे निष्कर्ष देऊ शकतात. अशा वेळी पहिल्या नलिकेतल्या काळाने, दुसऱ्या नलिकेतल्या काळाने आणि अचूक वस्तुमानाने असे तिहेरी वेगळेपण पारखून घेता येते.

मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात. टॉफ सगळे नोंदवते हे विधान नळीत पोहोचलेल्या आयनांपुरतेच खरे आहे. क्लोरमेक्वाटवर कायमचा धन प्रभार असतो. ते पाण्याला धरून राहते, कीडनाशकांच्या नेहमीच्या अर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या इथाइल अॅसिटेटमध्ये उतरत नाही आणि वायू क्रोमॅटोग्राफीच्या नलिकेतून अखंड जाऊ शकत नाही. २०१०च्या हंगामात अर्क नेहमीचा आणि पुढे वायू क्रोमॅटोग्राफीला जोडलेले टॉफ अशी जोडणी असती, तरी क्लोरमेक्वाट त्यात दिसले नसते. अशा ध्रुवीय रसायनांसाठी मिथेनॉलयुक्त पाण्याने वेगळा अर्क काढावा लागतो आणि तो द्रव क्रोमॅटोग्राफीतून इलेक्ट्रोस्प्रेकडे न्यावा लागतो. जे अर्कात आले नाही, किंवा आले पण प्रभारित झाले नाही, त्याची नोंद कोणत्याही घड्याळाकडे नसते. दुसरी मर्यादा परिमाणाची आहे. युरोपीय संघात वेगळी मर्यादा न ठरलेल्या रसायनाला किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम, ही मर्यादा लागू होते. तिथपर्यंत खात्रीचे मोजमाप करण्यात ट्रिपल क्वाड्रुपोल अजूनही टॉफपेक्षा सहसा सरस ठरते. तिसरी मर्यादा अर्थ लावण्याची. समान सूत्राच्या दोन रेणूंचे वस्तुमान दशांशाच्या कितव्याही स्थळापर्यंत सारखेच असते. त्यांच्यात भेद करायला क्रोमॅटोग्राफीतला काळ आणि आयन फोडल्यावर निघणारे तुकडे लागतात. म्हणूनच तपासणीचे नियम एका शिखरावर समाधान मानत नाहीत. किमान दोन आयन, दोन्हींचे वस्तुमान दशलक्षात पाच भागांच्या आत आणि क्रोमॅटोग्राफीतली वेळ जुळणारी, असा पुरावा ते मागतात.

त्यामुळे चांगल्या प्रयोगशाळेत दोन्ही उपकरणांची कामे वाटलेली असतात. टॉफने नमुन्याची सर्वंकष नोंद घ्यायची, यादीबाहेरचे काही दिसते का ते पाहायचे आणि संशय आला की त्या रसायनाचे प्रमाणित द्रावण आणून ट्रिपल क्वाड्रुपोलवर त्याचे नेमके प्रमाण ठरवायचे. यादी अशा रीतीने अनुभवातून वाढत जाते आणि नव्या रसायनाची पहिली वार्ता परदेशी बंदरातून येण्याऐवजी आपल्याच नोंदीतून येण्याची शक्यता वाढते. या मांडणीत टॉफकडून अपेक्षा एवढीच असते की एका धक्क्यात निघालेल्या प्रत्येक आयनाचा काळ त्याने नॅनोसेकंदाच्या अंशापर्यंत बरोबर सांगावा. दोन टप्प्यांची क्षेत्रे, विलंब, रिफ्लेक्ट्रॉन, काटकोनातला धक्का, सपाट शोधक आणि सोबतचा ओळखीचा आयन ही सारी योजना त्या एका अपेक्षेसाठी आहे.